एकवीस दिवस टिकलेल्या बॅटरीबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ई-वाचन केंद्र, धरमपेठ, नागपूर.

विषय : ई-रीडर क्र. ३८ परत घेण्याबाबत.
संदर्भ : आपले मंजुरीपत्र, दि. १४ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती प्रेमिला दादाजी गजघाटे, वय ६४, रा. कोराडी, यांनी एका वसतिगृहात एकतीस वर्षे पोळ्या लाटल्या. वाचायला सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितले की, डोळ्यांचे पडदे खराब होत असून दिवाळीपर्यंतच अक्षर दिसेल. म्हणून त्यांनी आपल्याकडून ई-रीडर नेला व सहाशे पानांची कादंबरी वाचायला घेतली.

२. चार्जिंग केंद्रातच होईल व ते एकवीस दिवस पुरले पाहिजे, असा आपला नियम आहे. अर्जदारांचे चार दिवसांत संपे. अक्षर सर्वांत मोठे ठेवल्याने एका पानाची नऊ पाने होत, आणि दर पान उलटताना बॅटरी खर्ची पडे. स्क्रीनचा उजेडही पूर्ण लागे. त्यात मे महिन्याची गरमी. दर चौथ्या दिवशी त्या बसने धरमपेठेत येत.

३. जूनमध्ये आपले सहायक श्री. जितेंद्र यांनी विचारले, "बाई, तुमचीच बॅटरी काहून मरते?" अर्जदार म्हणाल्या, "मले मधात काळा डाग दिसते गा. अक्षर मोठं केलं का भागते." श्री. जितेंद्र यांनी वायफाय बंद केले, ते योग्यच होते, एक दिवस वाढला. मग उजेड बंद केला, अक्षर बारीक केले आणि दोन्हींवर पासवर्ड टाकला.

४. जुलैत बॅटरी एकवीस दिवस टिकली. आपण फलकावर अर्जदारांचे नाव 'आदर्श वाचक' म्हणून लावले. सून मयुरी सांगायला आली, "सायेब, आईले वाचता नाही येऊन राहिलं." आपले उत्तर मिळाले, "पण बॅटरी तं टिकून राहिली ना?" त्यानंतर पाच अर्ज दिले. प्रकरण समितीपुढे आहे, असे दर वेळी कळवण्यात आले. तोवर अर्जदार अंगणात उन्हात भिंग धरून बसत. दिवसाकाठी अर्धे पान होई.

५. १४ नोव्हेंबरला आपण 'विशेष बाब' म्हणून मोठे अक्षर व उजेड मंजूर केला. मयुरीने त्याच संध्याकाळी पूर्ण उजेड लावून यंत्र सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते बराच वेळ तोंडासमोर धरले, आणि विचारले, "चालू केलं का वं, मयुरी?"

६. तरी यंत्र परत घेऊन पोच द्यावी. बॅटरी ९६ टक्के आहे, तपासून घ्यावी.

आपल्या केंद्राची वाचक,
(डाव्या हाताचा अंगठा)
प्रेमिला दादाजी गजघाटे
दि. १८ नोव्हेंबर २०२४

टीप : अर्जदारांना सही येते. कोठे करायची ते दिसत नाही.
अर्ज लिहिणार : मयुरी गजघाटे (सून)