चुन्याखालची नवरी

आनोखोरी, ५ एप्रिल १९६४

लाडके मेल्पो,

तुला एक आजी आहे. नाव गारुफलिया, मुक्काम डोंगरावर, दात मोजके. नाताळापासून तुझं पत्र नाही, म्हणून म्हटलं नव्याने ओळख करून द्यावी. जर्मनीत दिवसभर घड्याळं जोडता जोडता माणसं विसरायला होत असेल. हे लिहिते आहे आपल्या पाद्र्यांची बायको वासिलो. शब्द माझे, अक्षर तिचं, चुकाही तिच्याच.

इकडे सगळं ठीक. शेळी व्यायली. ईस्टरपूर्वीचे उपास चालू आहेत, त्यामुळे ऑलिव्ह आणि रानभाजी, आणि कंटाळा आला की रानभाजी आणि ऑलिव्ह. डोळ्यांचं विचारशील, तर जागच्या जागी आहेत. (वासिलो लेखणी थांबवून माझ्याकडे बघते आहे. बघू दे.)

बातमी वेगळीच आहे. वरच्या खांबांपाशी अथेन्सची माणसं खणायला आली आहेत. ती त्याला अपोलोचं देऊळ म्हणतात. त्यांच्यात एरिफिली नावाची एक मुलगी आहे, पँट घालते, पण बोलायला गोड. ती एकदा आपल्या पारस्केवीच्या चॅपेलात आली आणि भिंतीतल्या मूर्तीवर बोटांनी टकटक करायला लागली.

"आजी, या चुन्याखाली काय आहे?"

"काय असणार? संत पारस्केवी. डोळे सांभाळते. हात वर करून आशीर्वाद देते आहे, दिसत नाही का?"

"जरा खरवडू?"

"बाईमाणसाची वस्त्रं उतरवायची म्हणतेस, आधी विचारलंस हे बरं केलंस."

दर ईस्टरला आपण बायका चॅपेलाला चुना देतो, भिंतीबरोबर पारस्केवीलाही. आजीच्या आजीपासूनचा चुना. साईच्या थरांसारखा निघत गेला. आधी हात निघाला, मग वाऱ्याने उडालेला झगा, मग हाताच्या मुठीत एक दाढी. दाढीखाली माणूस, आणि कमरेखाली, मेल्पो, तो माणूस घोडा!

शेजारच्या देस्पिनोने छातीवर क्रूस काढला. "म्हणजे इतकी वर्षं आपण घोड्यापुढे दिवा लावला?"

"घोड्यापुढे नाही ग," मी म्हटलं, "नवरीपुढे. घोडा फुकटात उजळून निघाला."

नवरीच होती ती. एरिफिलीने सांगितलं, कुणा राजाचं लग्न होतं, या घोडमाणसांनाही बोलावणं होतं. दारू चढली आणि त्यांनी नवरीलाच धरलं. ही आशीर्वाद देत नाही, दाढी उपटते आहे. देवळात आतल्या बाजूने, वर छताशी, दगडात कोरलेली ही सगळी हाणामारी पट्टीसारखी चारी भिंतींवरून फिरत होती. त्यातली एक शिळा पडली, आणि चॅपेल बांधणाऱ्याने ती उचलून भिंतीत बसवली.

मग एका सकाळी ती मला वर घेऊन गेली. तू लहानपणी तिथे शेळ्या हरवायचीस. धुकं होतं. खांब त्यातून येत होते, जात होते, जणू कळप पाण्यावर चालला आहे. मी एकाला मिठी मारली. गार, खडबडीत, आणि मध्ये पोट थोडं पुढे आलेलं. एरिफिली म्हणाली, ते मुद्दाम. खांब अगदी सरळ घडवला तर डोळ्याला तो मध्ये खंगलेला दिसतो. म्हणून डोळ्याची खोड ओळखून दगडाला पोट दिलं. मला तो घडवणारा फार आवडला. मी विचारलं, ती नवरी इतक्या उंचावर, अर्ध्या अंधारात, बघत कोण होतं?

"अपोलो बघत असेल, आजी."

मी तिथेच बसले. मला वाटलं छत परत आलं आहे, आणि वर कुठेतरी ती पोरगी, ते घोडे, उलटलेले प्याले, सगळे माझ्याभोवती हळूहळू फिरताहेत, आवाज न करता. किती वेळ गेला कोण जाणे. मी म्हटलं, "आज धुकं काही हटत नाही."

एरिफिली माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आजी, धुकं केव्हाच गेलं."

तर ते असं आहे. चॅपेलात टांगलेले पत्र्याचे डोळे माझे आहेत, नवसाचे. दोन हिवाळे झाले, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. तुला कळवलं असतं तर तू काम टाकून आली असतीस, आणि मला तेच हवं होतं, म्हणून कळवलं नाही.

एरिफिलीच्या ओळखीचा एक डॉक्टर अथेन्समध्ये आहे. तो इकडे येऊन बघून गेला. म्हणतो, उजवा डोळा कापून बघू, वचन देत नाही. नवरीलाही अथेन्सलाच जायचं आहे, उरलेला चुना काढायला. गावच्या बायका नको म्हणत होत्या. पण चॅपेलाची किल्ली माझ्याकडे. मी एरिफिलीला म्हटलं, नेताना मला घेऊन जा, आणि आणताना दोघींना आण. ईस्टरनंतरच्या मंगळवारी ट्रक निघेल. पेंढ्यात एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिची सोबत मला बरी वाटते. इतकी वर्षं तिच्याकडे डोळे मागितले, आणि ती बिचारी स्वतःच्याच भांडणात गुंतलेली.

डोळ्यावरची पट्टी १४ मेला सुटेल. दिसलंच, तर समोर डॉक्टर असेल. त्याला मिशा आहेत म्हणे. इतके दिवस थांबून मिशा बघायच्या! आणि नाही दिसलं, तर त्या नवरीला बघितलं तसं हातांनी बघेन. मात्र त्यालाही चेहरा जवळ असावा लागतो.

कारखान्यातून सुट्टी मिळत नसेल तर... वासिलो पुढचं लिहायला तयार नाही. म्हणते, "उपासाच्या दिवसांत खोटं माझ्या हातून लिहून घेऊ नकोस, गारुफलिया." मग राहिलं.

तुझा चेहरा दोन्ही हातांत धरून,
तुझी आजी
(अंगठा माझाच. शाई वासिलोची.)

ता. क. डॉक्टर म्हणतो, पट्टी सुटेपर्यंत मऊ खायचं. तिकडे तो खसखशीचा केक मिळतो ना, तो चालेल. टपालात त्याचा भुगा होतो, तेव्हा टपालाने पाठवू नकोस. मांडीवर धरून आण.