गाडी दारात आणायची नाही

६ जानेवारी २००२, रविवार

रुपालीला आणलं. जावई माऊली कारेगावला राहतो, रांजणगावच्या कंपनीत आहे. सुट्टी मिळत नाही म्हणून तिला एकटीला एसटीत बसवून द्यायला निघाला होता. नववा लागलाय, आणि एसटी! गावातल्या साहेबरावाची भाड्याची जीप घेऊन मीच गेलो.

साखरबाईनं लेकीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पहिलं बाळंतपण माहेरी, सगळी आळी गोळा झालेली. पोरगी हसत होती. मला हसायला आलं नाही. पाय सुजलेत तिचे.

चौदा वर्षं आरोग्य केंद्राची गाडी चालवतोय. लॉगबुकात किलोमीटर लिहायचे, डिझेल लिहायचं, डॉक्टरांची सही घ्यायची. बाकीचं कुठं लिहायचं? एक कोरं लॉगबुक रद्दीत पडलं होतं, ते उचललं. बायकोला वाचता येत नाही, तेवढं बरं आहे!

१० जानेवारी, गुरुवार

डॉक्टरसाहेबांनी रुपालीला तपासलं. पोटावर हात ठेवून पुन्हा पुन्हा चाचपलं. मग मला बाहेर घेतलं.

‘संपतराव, बाळ पायाळू आहे. फिरलं तर फिरलं. नाहीतर पहिली कळ आली की थेट शिरूर. घरी थांबायचं नाही.’

‘हो साहेब’ म्हणालो. साहेब हेच दुसऱ्यांना सांगतात तेव्हा मी शेजारी किल्ली फिरवत उभा असतो.

१४ जानेवारी, संक्रांत

आज सणाचं भांडण झालं. साखरबाईला म्हटलं, वेळ आली की दवाखान्याच्या गाडीतनं नेऊ, मीच चालवीन. तिळाची वाटी आपटली तिनं.

‘मढी वाहता तुम्ही त्या गाडीतनं! शेजारच्या बानूला नेली ती हीच न्हवं का? माझी लेक त्यात पाय ठेवायची न्हाई. साहेबराव भावजींना सांगून ठेवलंय मी.’

आमच्या घरात नेमच आहे. ती गाडी दारात आणायची नाही. केंद्राच्या आवारात, कडुलिंबाखाली लावायची, पायी घरी यायचं, बाहेर हातपाय धुवायचे, मग आत. नेम तिचा, पण खोटं कशाला लिहू — पाळतो मीही. मलाही तेच बरं वाटत आलंय.

म्हणून जास्त बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

१७ जानेवारी

शेजारी बानूचं पोर रडतंय. झुंबरबाई शेळीच्या दुधावर वाढवतेय नातवाला. ते रडायला लागलं की मी ओट्यावरनं उठून आत येतो.

आज लिहूनच टाकतो. तेवीस नोव्हेंबर. झुंबरबाईची सून बानू घरीच बाळंत झाली. पोर नीट, पण वार अडकली. रक्त थांबेना. मला बोलावलं तेव्हा लुगडं भिजून गेलं होतं. मागं सिंधूबाई नर्स आणि झुंबरबाई. दहाबारा किलोमीटर गेलो आणि मागचं चाक बसलं.

स्टेपनी खाली काढली. दाबली. मऊ! तिच्यात हवा नव्हती. आठ दिवस आधीपासून नव्हती, आणि मला ठाऊक होतं. दौंडला टायरवाल्याकडं उद्या टाकू, उद्या टाकू करत राहिलो होतो.

मग मी काय केलं? पाना घेऊन बसलो चाकापाशी आणि ओरडलो, ‘नट गंजलेत, निघंनात!’ नुसता पाना फिरवत बसलो. चाळीस मिनिटं. मग दुधाचा टेम्पो आला, त्यात तिला घातलं. शिरूरच्या दवाखान्याच्या पायरीपाशी गेली. एकवीस वर्षांची पोरगी.

लॉगबुकात लिहिलं — पंक्चर, नट गंजलेले. डॉक्टरांनी सही केली. झुंबरबाई तर म्हणाली, ‘तू तरी काय करणार बाबा.’ ते वाक्य कानातनं जात नाही.

आता वाटतं, फेड माझ्या पोरीकडनं होणार.

२४ जानेवारी

बाळ फिरलेलं नाही. स्टेपनी सकाळ-संध्याकाळ ठोकून बघतो. नवी ट्यूबही टाकली तिच्यात. आता! आता काय उपयोग, मेल्या!

२८ जानेवारी

आज काही नाही. पोरीनं भाकरी पोटभर खाल्ली. विचारत होती, ‘आप्पा, तुमी असं काय बघताय माझ्याकडं?’

१ फेब्रुवारी, शुक्रवार. शिरूर, दवाखान्याचा व्हरांडा

कालचं लिहितो.

सकाळी आठला ड्युटीवर गेलो तेव्हा रुपाली चहा पीत होती. नऊला कळा सुरू झाल्या. आणि मला कुणी सांगितलं नाही! घरापासून केंद्र पाच मिनिटांवर. गाडी कडुलिंबाखाली उभी, टाकी भरलेली, मी बाकावर बसून पेपर वाचतोय — आणि साखरबाई घरात साहेबरावाच्या जीपची वाट बघतेय. तो वऱ्हाड घेऊन दौंडला गेलेला. ‘येतीलच एवढ्यात’ करत दीड तास घालवला बाईनं.

साडेदहाला झुंबरबाई आली. अनवाणी, धापा टाकत.

‘ऊठ संपत! गाडी काढ. पोरीचं पानी गेलंय.’

सिंधूबाईला हाक मारली. डॉक्टरसाहेब शिरूरला मीटिंगला. गाडी थेट दारात नेऊन लावली. साखरबाई उंबऱ्यात आडवी!

‘ह्या गाडीत न्हाई! मी मेले तरी न्हाई!’

आतनं रुपाली किंचाळली, ‘आई, बैलगाडीत घाल, पण ने गं मला!’

झुंबरबाईनं साखरबाईचा दंड धरला. ‘माझी बानू ह्याच गाडीत व्हती का न्हाई? मग मी बसते आधी. अजून काय पायजे तुला?’

साखरबाई बाजूला झाली. झुंबरबाई गाडीच्या मागं गेली. चढायच्या आधी तिनं स्टेपनीवर मूठ मारली. एकदाच. आवाज ऐकला आणि चढली. मी आरशातनं बघत होतो.

न्हावऱ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली कलंडलेली. रस्ताभर ऊस, पुढं गाड्यांची रांग. मी गाडी तुटलेल्या उसाच्या रानात घातली. पाचट, सरी-वरंबे, गाडी उड्या मारतेय, मागं पोरगी गुरासारखी ओरडतेय. आणि सिंधूबाई — ‘थांबव! संपतभाऊ, पाय बाहेर आलेत! हलवू नको!’

थांबवली. उतरून बॉनेट धरून उभा राहिलो, पाठ करून. गरम पत्रा, हात भाजतोय, सोडवत नाही. सिंधूबाई म्हणत होती, ‘ओढू नका झुंबरबाई, कुणी ओढायचं नाही, आपोआप येऊ द्या.’ रुपालीची एक मोठी आरोळी झाली. मग काहीच नाही.

बाळ रडलं नाही.

मी वाट बघतोय. नाहीच रडत. सिंधूबाई पुसतेय, चोळतेय, ‘अगं ए, अगं ए बाळ’ म्हणतेय. मग तिनं तोंडाला तोंड लावलं. फू. थांबायची. फू. मी काय केलं ते लिहायची लाज वाटते. मी चाकं बघत गाडीभोवती फिरलो. चारी चाकं. देवाचं नाव आठवेना, एकाचंही.

मग बारीक आवाज आला. मांजराच्या पिलासारखा.

‘चालव!’ सिंधूबाई ओरडली.

झुंबरबाईनं चोळीची गाठ सोडली, बाळ उघड्या छातीला लावलं आणि वरनं घोंगडी ओढून घेतली. ‘माघात कोकरू गारठलं की असंच घेतो आमी. दुसरं काय करायचं नगं, ऊब द्यायची.’ सिंधूबाई म्हणाली, ‘असंच धरा, मावशी. काढू नका.’

पुढं ते ठिकाण आलं, जिथं नोव्हेंबरात चाक बसलं होतं. मी ॲक्सिलेटरवरनं पाय काढला नाही.

रुपालीला टाके घातले, रक्त चढवलं. शुद्धीवर आहे. मुलगी झालीय. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकाला ऑक्सिजन. इथले डॉक्टर म्हणाले, ‘तीन दिवस जाऊ द्या. मग बोलू.’

२ फेब्रुवारी

नर्स म्हणाली, आईचं चिकाचं दूध वाटीत काढून आणा, नळीनं देऊ. साखरबाई मागनं एसटीनं आली, ती अडली — पहिले तीन दिवस दूध पिळून टाकायचं असतं, बाधतं! झुंबरबाई भडकली. ‘कोकराला चीक पाजल्याबिगर तू उठत न्हाईस, आन् नातीला नगं व्हय?’ तिनंच वाटी पुढं केली.

ही बाई घरी का जात नाही? बानूचं पोर आबांजवळ, तिच्या नवऱ्याजवळ, ठेवून आलीय. ती इथं बसते आणि मला तिच्यासमोर बसवत नाही. चहाच्या निमित्तानं सारखा बाहेर जातो.

३ फेब्रुवारी

दुपारी बाळाचा श्वास थांबला. काचेतनं बघत होतो मी. छाती हलायची बंद झाली, ओठ काळेनिळे. काच बडवली नुसती. नर्स धावत आली, तळव्याला टिचक्या मारल्या. पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून मोजतोय. तिचे श्वास मोजतोय. मध्येच चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

४ फेब्रुवारी

माऊली आलाय. पुन्हा एकदा थांबला श्वास. आज डॉक्टरांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. हात कशाला ठेवतात? मढं उतरवून घेताना ठेवतात तसा ठेवला.

५ फेब्रुवारी

पाचवी. साखरबाईनं व्हरांड्यातच पाटा मागून आणला, सटवाई पुजली, कोरा कागद आणि पेन ठेवलं. माझंच पेन. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, माझं पाप माझ्या कपाळी लिही. तिच्या नको. ती पाच दिवसांची आहे.

७ फेब्रुवारी

ऑक्सिजन काढला! दोन दिवसांत श्वास एकदाही थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या त्या म्हातारीनं अंगाशी धरलं नसतं तर बाळ गार पडूनच आलं असतं.’ झुंबरबाईला सांगितलं तर म्हणाली, ‘आता मी जाते. माझं पोर वाट बघत असंल.’ एसटीनं गेली. सोडतो म्हणायलाही धीर झाला नाही मला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आणलं. बाळ ओढून पितंय. गाडी कडुलिंबाखाली वळवायला लागलो तर साखरबाई म्हणाली, ‘अहो, कुठं निघालात? दारात घ्या.’ बाळाच्या आधी तिनं गाडीवरनंच भाकरतुकडा ओवाळला. रडत होती. ‘दीड तास बसवून ठेवली हो मी पोरीला,’ एवढंच म्हणत होती. सगळ्या आळीसमोर म्हणाली.

मी गाडीचं दार धरून उभा. शेजारच्या ओट्यावर झुंबरबाई पोराला घेऊन बसलेली, आमच्याकडंच बघत.

१४ फेब्रुवारी

साखरबाईनं आळीसमोर कबूल केलं, आणि मी? आज गेलो. आबा रानात होते. झुंबरबाईला सगळं सांगितलं. स्टेपनी, आठ दिवस, पाना, सगळं. मान वर केली नाही.

ती म्हणाली, ‘ठाव हाय. त्या दिवशी तू खाली काढलेल्या त्या जादा चाकाला टेकून बसले व्हते मी, तुझ्या मागं. पार दबलं व्हतं. तू कवा सांगतुयास तेवढं बघत व्हते.’

मग बानूचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. ‘धर. शेळी पिळून येते.’

पोर रडलं नाही. माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरून पडून राहिलं.