सातवा गज

लितोविन,
ता. ९ ऑक्टोबर १८५३

प्रिय लुदमिलाताई,

हिनेकचा नमस्कार. खसखशीचे पाव पोचले. तुझा गुडघा कसा आहे? दाजींना तुरुंगात लोकरीचे मोजे मिळाले का?

पूल कोसळून महिना झाला, आणि मी तुला नुसतं हवापाण्याचं लिहीत आलो. तू दोनदा विचारलंस, "कोर्टात तुझं चित्र का टांगलंय रे?" मी उत्तर टाळलं.

सरकारी वकील म्हणतात, "हा दगडावरून छापलेला पुलाचा ऑगस्टमधला शिळाछाप बघा. पूल तोलणाऱ्या साखळीला लटकणारा गज न् गज शाबूत आहे. नाकेदारानं अख्खा कळप एकदम पुलावर सोडला, म्हणून अकरा माणसं बुडाली." दाजी सांगतात, "मी नेहमीसारखे बाराच बैल सोडले हो!" कोण ऐकतं?

ताई, काठावर बसून पेन्सिलीनं काढलेला कच्चा कागद माझ्या पेटीत होता. त्यात मधल्या खांबापासूनचा सातवा गज नाही. नव्हताच, की माझा काढायचा राहिला? त्या दुपारी तू सूप घेऊन आलीस आणि मी अर्ध्यावर उठलो, एवढंच आठवतं. छापखान्यात शिळेवर पूल उलटा उतरवताना ती मोकळी जागा दिसली. मालकांना म्हटलं, "जाऊन बघून येऊ?"

"दात पडलेला पूल कोण भिंतीवर लावेल? भर तो!"

मी भरला. जाऊन यायला दोन तास लागले असते.

आता डोळे मिटले की कधी गज दिसतो, कधी नुसतं आभाळ. दाजींसाठी मी आठवण रचतोय, की स्वतःसाठी दाबतोय? काही उमगत नाही.

काल तो कागद घेऊन कोर्टात उभा राहिलो. म्हटलं, "छापातला सातवा गज मी पाहून काढलेला नाही."

"मग तो होता की नव्हता?" वकील ओरडले.

"माहीत नाही, साहेब."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चित्र उतरवायला लावलं आणि नदीतली साखळी वर काढायचा हुकूम दिला. तोवर निकाल थांबला. मालकांनी संध्याकाळी मला कामावरून काढलं.

गज आधीचाच तुटलेला निघाला, तर दाजी सुटतील. पण मग मी ऑगस्टमध्येच बोललो असतो, तर ती अकरा माणसं आज जेवायला घरी असती. तू देवाकडे काय मागतेस ते ठाऊक आहे. मीही तेच मागतो, आणि मागताना जीभ अडखळते.

तुझ्या दारात यावं की नको, तूच कळव.

न पाहिलेलं काढणारा,
तुझा भाऊ
हिनेक