कपाळावर एक वाजून दहा मिनिटं

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

ताईचा गुडघा आणि तुमची साखर दोन्ही ताब्यात असोत, एवढंच सकाळी देवाजवळ मागितलं. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त डोकं फिरलंय.

तुम्ही शब्द टाकून मला या पुठ्ठ्याच्या कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून चिकटवलंत. (पर्यवेक्षक म्हणजे फाटकात उभं राहून ट्रकचे नंबर लिहिणारा.) मंगळवारी कापायच्या यंत्रात एका कामगार पोराचा हात मनगटाच्या वर खोल चिरला. रक्त थांबेना. प्रथमोपचाराची पेटी साहेबांच्या कपाटात, कपाट कुलपात, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब जेवायला! लाथ घालून कपाट उघडलं. पेटीत काय, तर साहेबांचा कंगवा आणि बिस्किटांचा पुडा. मग माझाच पट्टा काढून पोराच्या दंडाला आवळला आणि मार्करने त्याच्या कपाळावर ठळक लिहिलं, १.१०.

दाजी, आघाडीवर जखमी जवानांना बांधून मागे पाठवण्यात माझी बावीस वर्षं गेली. बंध कधी आवळला हे पुढच्या डॉक्टरला कळावं लागतं, फार वेळ राहिला तर हातपायच जातो. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. (एकदाच लिहायचं राहिलं. त्या जवानाचा पाय गेला. अजून रोज पूजेत त्याचं नाव घेतो.)

पोराचा हात वाचला आणि मला मिळाली नोटीस! ‘परवानगीशिवाय कर्मचाऱ्याच्या कपाळावर मजकूर लिहिणे, कपाट मोडणे, पँट हाताने धरून कार्यालयात वावरणे.’ वर साहेब विचारतात, “मामा, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडे?” म्हटलं, “आहेत की, चालतीबोलती. त्यातली बरीचशी आज नातवंडं खेळवतायत.” सोमवारपर्यंत माफीनामा दिला नाही तर घरी बसायचं. घरी बसलो की धाकटीचं कॉलेज सुटलं.

आपला,
मेहुणा

ता. क. : माफीनामा तुम्हीच लिहून पाठवा. मी चारदा बसलो. चारही वेळा तिसऱ्या ओळीत कंगवा आला.

ता. क. : ताईला यातलं काही सांगू नका. निवृत्तीला तिनेच दिलेला पट्टा होता तो.

ता. क. : आत्ताच त्या पोराची आई पट्टा धुऊन घेऊन आली होती. डाग गेलेला नाही. “कपाळावरचंही जात नाही हो,” म्हणाली, “पण पाचही बोटं हलतायत.” पट्टा कमरेला बांधूनच हे लिहितोय. माफीनामा राहू द्या. दुसरीकडे कुठे शब्द टाकता आला तर बघा, जिथे पेटीला कुलूप नसेल.