येथे रडण्याची सोय आहे

प्रिय टिटवे,

हे पत्र घड्याळजी लिहितायत. मी बोलते, ते लिहितात. मधूनच चष्मा पुसायला थांबतात आणि माझं वाक्य तुटतं, ते तू जोडून घे. मी त्यांना बजावलंय, माझ्या तोंडून पडेल तेच कागदावर पडलं पाहिजे, व्याकरणाचे स्क्रू पिळायचे नाहीत.

परवा फोनवर तू म्हणालीस, आजी, हॉटेलचा इतिहास सांग. तुझ्या काकाला तो जेवणाच्या हॉलमध्ये चौकटीत घालून टांगायचाय, आणि लिहिणार तू, कारण घरात शिकलेली तू एकटीच. पण त्याने तुला हे सांगितलं नसेल की ज्या दिवशी इतिहास वर चढणार, त्याच दिवशी बाहेरची पाटी खाली उतरणार आहे. रंगारी ठरलाय. नवी पाटी शुद्ध येणार. भिंतीवरच्या इतिहासात जुन्या पाटीचं नावही नको म्हणतो. मी म्हटलं, थांब जरा, आधी टिटवीला सगळं अशुद्ध सांगते, धुवायचं की नाही ते ती ठरवेल. आणि हो, बोलता बोलता तू मागच्या खोलीचं विचारलंस, अजून तशीच आहे का म्हणून. तशीच आहे. त्याचं मागाहून.

तर हॉटेल बांधलं माझ्या सासऱ्यांनी. त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की मोठा रस्ता इथून जाणार. झालं! त्यांनी तिकडे तोंड करून दोन मजले उठवले. खांब काय, कठडे काय, चार गाड्यांचे पाहुणे एकदम मावतील असा व्हरांडा काय. रस्ता आला, पण मागून. म्हणून आजही आपला पाहुणा स्वयंपाकघरातून, पातेल्यांना वळसा घालत आत शिरतो, आणि त्या राजेशाही व्हरांड्याकडे बघायला कोण, तर समोरच्या शेतातली एक गाय. सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, हॉटेल बरोबर आहे, रस्ता चुकलाय.

त्यांच्यामागे मालक झाले तुझे आजोबा. माणूस सोन्यासारखा, पण गिऱ्हाईक दिसलं की कोठीत जाऊन पोती मोजायचा. त्यामुळे मालक ते आणि तोंड माझं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे हॉटेल आहे हेच कळायचं नाही, कुणाच्या तरी घराची मोरी वाटायची. म्हणून ठरलं की स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावायची. लिहायचं एवढंच, येथे राहण्याची सोय आहे. आजोबा गाद्या आणायला गेले आणि रंगाऱ्यावर देखरेख करायला राहिले मी, जिला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग.

रंगारी बिचारा त्या दिवशी ठिकाणावर नव्हता. जिच्याशी लग्न ठरलं होतं, ती बँडवाल्याबरोबर निघून गेली होती. एक ओळ लिहायची, बाहीने नाक पुसायचं, पुन्हा लिहायचं. शेवटी म्हणाला, वहिनी, बघा बरं जमलंय का. आता मला येत नाही म्हटलं तर शोभा होते. मी मागे सरकले, एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि म्हटलं, सगळं फक्कड आहे, फक्त शेवटचं अक्षर जरासं कललंय. त्याने ते सरळ केलं आणि निघून गेला. एक काना गळला आणि ह च्या जागी ड बसला, हे मला नंतर कळलं. राहण्याची होती, ती रडण्याची झाली.

दुपारी खाणीवरचा मुकादम दारात उभा राहिला. अंगाने हा एवढा, मिशा अशा. पाटीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मग खालच्या आवाजात म्हणतो, बाई, सोय म्हणजे नेमकं काय काय असतं? मी म्हटलं, स्वच्छ उशी, पाणी, आणि दाराला आतून कडी. मध्ये कुणी डोकावत नाही. म्हणाला, एकट्याला मिळेल? म्हटलं, एकट्याला वरची देते. खालची मोठी कुटुंबांना लागते. तो दचकला. कुटुंबंसुद्धा येतात? अहो, म्हटलं, मुलाबाळांसकट! आणि आवाज झाला तर? म्हटलं, होऊ दे की, भिंती जाड आहेत आमच्या सासऱ्यांच्या. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची हरवलेली आई. वर गेला आणि कडी लावली.

संध्याकाळी आजोबा गाद्यांची गाडी घेऊन आले. पाटी वाचली आणि रस्त्यातच गादीवर बसले. तेवढ्यात वरून असा हंबरडा आला की समोरच्या गायीने मान वर केली. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, गिऱ्हाईक आहे. मग त्यांनी मला पाटी वाचून दाखवली, आणि आम्ही दोघं तोंडात उशी कोंबून इतके हसलो की डोळ्यांतून पाणी. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक मालकच. ते शिडी आणायला निघाले, तेव्हा मी अडवलं. म्हटलं, वर माणूस रडतोय आणि तुम्ही खाली पाटी काढणार? लाज आहे का? तो गेल्यावर काढा. सकाळी मुकादमाने दोघांची न्याहारी एकट्याने खाल्ली आणि शीळ घालत गेला. पण तोवर दुसरं कुणी आलेलं. वर कुणी असताना पाटी उतरवायची नाही, हा आपल्या घराचा कायदा झाला तो तेव्हापासून, आणि वर कुणीतरी असायचंच.

एक बाई दरसाल यायची, नवऱ्याच्या नावाने रडायला. मी विचारलं, कधी वारले? म्हणाली, कसले वारतायत, धडधाकट आहेत, तेच तर. काही माणसं लाजायची, विशेषतः पुरुष. त्यांना मी कांद्याची टोपली नि सुरी द्यायची. म्हणायची, जरा मदत करा, हात कमी आहेत. चिरता चिरता गडी मोकळा व्हायचा आणि अब्रूही झाकलेली. एवढ्या कांद्याचं काय करायचं, ही आचाऱ्याची डोकेदुखी. घड्याळजीही असेच आले होते, बायको सोडून गेली तेव्हा, दोन दिवसांसाठी. दोन दिवस अजून संपले नाहीत, कारण हॉलमधलं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलंय. (घड्याळ बरोबर चालते. — लेखनिक)

पण सगळ्यात अवघड कोण, तर हसत येणारे. रडवेल्या माणसाची मला कधी काळजी वाटली नाही. त्याला उशी दिली की काम झालं. जो दारातूनच खिदळत येतो, विचारलं नसताना सगळं मजेत म्हणतो, त्याला मी न विचारता मागची खोली देते. मागची म्हणजे सासऱ्यांच्या हिशेबाने पुढची, वरच्या मजल्यावरची, व्हरांड्याच्या डोक्यावरची. तिथे ऐकायला फक्त गाय असते, आणि ती कुणाला सांगत नाही.

काका म्हणतो, आई, लोक पाटीचे फोटो काढतात आणि हसतात. मी म्हटलं, मग बरंच आहे की, एका पाटीत दोन्ही सोयी. त्याला पटत नाही. त्याचंही खरं आहे म्हणा. हल्ली लोक गाडीतच रडून घेतात, काचा वर करून. वरच्या खोल्या रिकाम्या असतात. म्हणजे आपल्याच कायद्याने आता त्याला शिडी लावता येते. सोमवारी रंगारी येणार.

आता तुझं. तू जन्मलीस तेव्हा असा टाहो फोडायचीस की वरची गिऱ्हाइकं आपलं विसरून खाली यायची, बाळाला काय झालं बघायला. टिटवी नाव उगाच नाही पडलं. आणि परवा? मी विचारलं, जेवलीस का, तर हसलीस. नातजावई कुठे आहेत म्हटलं, तर कामाला बाहेरगावी, आणि हसलीस. आधीच्या खेपेलाही बाहेरगावी होते. एवढं काय बाई हसण्यासारखं आहे त्या गावात? मी काही विचारत नाही. आपल्याकडे विचारायची पद्धत नाही. पण इतिहास विचारणारं माणूस मध्येच खोली विचारत नसतं, एवढं या म्हातारीला कळतं. खोली झाडून ठेवलीय. उशी दोनदा उन्हात घातली. गाय तीच नाही, तिची नात आहे, पण खानदान तोंड मिटून राहणारं. काकाला कारण सांगायचं नाही, इतिहास लिहायला आलेय म्हणायचं. घड्याळजी, ती टोपली जरा इकडे सरकवा बघू, आणि हे लिहू नका. सोमवारच्या आत ये, टिटवे. वर माणूस असलं की शिडी लागत नाही. ती पाटी मला जन्मभर वाचता आली नाही. तू आलीस तर निदान वाचवता येईल.

तुझीच,
कांदेवाली आजी

ता. क. स्वयंपाक दुपारीच आटोपला आहे. मालकीणबाई अजून कांदे चिरत आहेत. — लेखनिक