फळीखालची अडीच वीत

बाबा, आज सकाळी मशीन घेतलं. पीठ मळायचं, खाली भांडं नि वर डोकं असलेलं, तुम्हाला हवं होतं तसंच. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मला आज सुचलं.

दुकानदाराने आधी एक नाजूक, गुलाबी दाखवलं. "ताई, परवडणारं हाय, केक येकदम फस्कलास होतो." मी ते एका हाताने उचललं नि परत ठेवलं. पाव करायचेत म्हटल्यावर तो जरा चपापला. हलकं मशीन मैद्याचा गोळा फिरवताना ओट्यावरून चालत सुटतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. बेकरीत केकसाठी आणलेल्या मशीनची तशी फजिती तुम्ही पाहिली होती. शेवटी त्याच किमतीतलं एक राखाडी, बोजड घेतलं. स्टीलचं भांडं, मळायला धातूचा आकडा, मोटार दणकट. दिसायला अगदीच सुमार. तुम्हाला आवडलं असतं.

बेकरीत तीस वर्षं तुम्ही हाताने मळलंत. सकाळी घरी यायचात तेव्हा भुवयांनाही मैदा असायचा, आणि शाळेच्या वाटेवर मी तुमच्यापासून चार पावलं पुढे चालायचे. मग उजवा खांदा गेला. घरी बसल्यावर तुम्ही छोट्या ओव्हनमध्ये पाव करून बघायचात. डावा हात गोळा ओढतोय, उजवा नुसताच परातीची कड धरून आहे. जरासा तुकडा ताणून खिडकीच्या उजेडात धरता. न फाटता पातळ ताणला गेला, आरपार उजेड दिसला, तर मळून झालं. तो दर वेळी फाटायचा. "मशीन असतं तर झालं असतं गो," एवढंच म्हणायचात. आयुष्यात माझ्याकडे तुम्ही मागितलंत ते एवढंच.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला. दुकानात जाऊन बघून आले, तर फोनवर तुमचा पहिला प्रश्न उंचीचा. "डोकं वर केलं की केवडं उंच व्हतं?" मी वितीने मोजलं होतं. म्हटलं, अडीच वीत. त्या आठवड्यात तुम्ही सुताराला बोलावून ओट्यावरची डब्यांची फळी काढलीत आणि वर बसवून घेतलीत. मला काही बोलला नाहीत. आणि त्याच रविवारी मी फोनवर सांगितलं, बाबा, फार महाग आहे, मला नाही परवडत. तुम्ही म्हणालात, "ऱ्हांदे गो बाय. फळी काय कुटं जात नाय." कुठली फळी, एवढंही मी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

तुमच्या दिवसांना घरी आले तेव्हा पाहिलं. डबे इतके वर की माझा हात पुरेना. शेजारच्या काकी म्हणाल्या, "तू मशीन आणणार म्हणून वर घेतलीनी फळी." मी मान हलवली आणि चहा ठेवला. त्यानंतर सुट्टीत येत राहिले, पण त्या जागेवर कधी साधी वाटीसुद्धा ठेवली नाही.

आता बदली घेऊन इथेच राहायला आले आहे. हेही मशीन माझ्या अडीच वीतच भरलं. ते फळीखाली सरकवलं, डोकं वर केलं, तर वर चार बोटं जागा उरली. आधी वाटलं सुतार चुकला. मग भिंतीवर हात पसरून पाहिला. अडीच वीत मी माझ्या हाताने मोजली होती, तुम्ही तुमच्या. तुमचा पंजा मोठा, मळून मळून पसरलेला. ओट्याला डोकं टेकून मी लहान पोरीसारखी रडले, बाबा.

गोळा फिरतोय. मशीन जागचं हलत नाही. थोड्या वेळाने एक तुकडा खिडकीशी धरीन, तो बहुतेक फाटणार नाही, आणि ते बघायला तुम्ही नाही.

हे पत्र फळीवर मैद्याच्या डब्याखाली ठेवणार आहे. तेवढं एक लिहून टाकते. मशीन महाग नव्हतं. मला परवडत होतं. मला वाटलं, तुम्हाला आता या वयात कशाला.