तांदळातला खडा दिसतो म्हणून

माय, आज वरोऱ्याहून वाचायचा चष्मा आणला. पुस्तक लांब धरूनही अक्षरं लागेनात तेव्हा वाटलं, वय झालं, बाजारात उभ्या उभ्या एखादा नाकावर चढवून बघू आणि घेऊ. आपल्या घरात चष्मा घ्यायची दुसरी रीत मला ठाऊक तरी कुठे होती!

तुझी रीत अजून डोळ्यांपुढे आहे. आठवडी बाजाराला निघताना तू पदराच्या गाठीत मूठभर न निवडलेले तांदूळ बांधून घेतेस. चष्मेवाल्याच्या ताडपत्रीशी बसून ते तळहातावर पसरतेस, एकेक चष्मा लावून बघतेस आणि ज्यातून खडा सगळ्यात मोठा दिसतो तोच उचलतेस. "बाई, आरशात तं पाहून घ्या," तो थट्टेने म्हणतो. तू फणकारतेस, "मले काय लगनाले उभं राहाचं हाय? खडा दिसला म्हणजे झालं." त्या चष्म्याने तुझं डोकं ठणकायचं, तरी पुढच्या वेळी आणखी जाड भिंग. गल्लीतल्या बायाही तुझं पाहून तांदूळ बांधून न्यायच्या, आणि मला तुझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटायचं.

मग तू दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागलीस. बाजूने येणारी गाय तुला दिसेना. पाण्याने भरलेली गुंडी तुझा पाय लागून लवंडली तेव्हा माझी धाकटी बहीण ओरडली, "एवढासा खडा दिसते, अन् एवढी मोठी गुंडी नाई दिसत? नाटकं काऊन करून राह्यली, माय?" तू सूप पुढे ओढून तांदूळ निवडत बसलीस, आणि त्यात एकही खडा राहिला नाही. पुढे तांदूळ दिसेनासे झाले, मग आमचे चेहरेही. तू आवाजाच्या रोखाने मान वळवायचीस आणि आम्ही म्हणायचो, म्हातारपण.

मी मात्र बाजाराऐवजी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्याआधी डोळ्यांतला दाब मोजला. मग एका यंत्रावर हनुवटी टेकवून, ठिपका चमकला की बटण दाबा म्हणाल्या. यंत्र मधेमधे बंद पडतंय असं मला वाटत होतं, पण डाव्या अंगाचे ठिपके मलाच दिसत नव्हते. "घरात कोणाले काचबिंदू होता काय?" त्यांनी विचारलं. मी तुझं सगळं सांगितलं. हा रोग बहुतेकदा कडेकडेने खात येतो आणि समोरची नजर शेवटी नेतो, त्या म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखायचं. भावंडांनाही लवकर घेऊन या.

तुला तांदूळ निवडता येत होते म्हणून आपण सगळे निर्धास्त राहिलो. राग येतो, माय. कोणावर काढू?

चष्मा चांगला आहे. मी पुस्तक धरतो तेवढं अंतर मोजून नंबर दिलाय, डोकं दुखत नाही, अक्षर कसं ठसठशीत दिसतं. त्याचीच मला भीती वाटते.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. उंबऱ्याला ठेचकाळून तिच्या अंगठ्याचं नख गेलंय. "आजकाल ध्यानच नाई राहत, भाऊ," ती हसून म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायलाच हवं, आणि न्यायचं तर कारण सांगावं लागेल. कारण कळलं की तू नाटकं करत नव्हतीस हेही तिला कळेल. माझी जीभ रेटली नाही. "पाहून चालत जाय," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.